आकडा रक्ताचा, श्वास माणसाचा

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले दोन कोरोना रुग्ण सापडले आणि त्यांना नायडू रुग्णालयात दाखल केले गेले. त्याच दिवशी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने वुहानमधल्या दोन रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिनयिनतान रुग्णालय आणि वुहान फुप्फुस रुग्णालय इथल्या १९१ प्रौढ रुग्णांची ती हकिकत होती. त्यांतले १३७ जण बरे होऊन घरी गेले, ५४ जण दगावले. अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी सगळी कागदपत्रे पुन्हा काढली आणि एकच प्रश्न विचारला: जे गेले आणि जे वाचले, त्यांच्यात दाखल होण्याच्या दिवशीच काही फरक दिसत होता का?

फरक दिसत होता. वय जास्त असणे, एकाहून अधिक अवयवांवर ताण आलेला असणे आणि रक्तातला डी-डायमर दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर असणे, या तीन गोष्टी मृत्यूशी जोडलेल्या आढळल्या. त्याखेरीज दगावलेल्यांच्या रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी होत्या आणि फेरिटिन, एलडीएच, इंटरल्युकिन-६ ही द्रव्ये वाढलेली होती.

पुढच्या वर्षभरात हे शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. १८ एप्रिल २०२१ या एका दिवसात राज्यात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. त्या दिवसांत फोनवर ख्यालीखुशालीच्या आधी विचारले जाई: सॅच्युरेशन किती? सीटी स्कोअर किती? सीआरपी किती आला? लॅबचा अहवाल व्हॉट्सॲपवरून गावच्या डॉक्टरकडे, तिथून पुण्या-मुंबईतल्या भाच्याकडे, तिथून परदेशातल्या कोणा ओळखीच्या डॉक्टरकडे जाई. अहवालातल्या ठळक छापलेल्या, बाण वर दाखवणाऱ्या आकड्यांनी माणसे रात्र-रात्र जागली.

त्या आकड्यांचा अर्थ काय होता, हे शांतपणे समजून घ्यायला तेव्हा सवड नव्हती. आज आहे. त्या आकड्यांच्या मुळाशी असलेली एक रासायनिक घडामोड, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण, आणि त्या ताणाच्या नावावर झालेले उपचार यांचा लेखाजोखा मांडणे हा या लेखाचा हेतू आहे. तो मांडायला हवा, कारण पुढची साथ येईल तेव्हा हेच आकडे पुन्हा आपल्या हातात पडणार आहेत.

ऑक्सिजनची दुसरी बाजू

श्वासातून घेतलेला ऑक्सिजन बहुतांशी पेशींतल्या मायटोकाँड्रियामध्ये ऊर्जा तयार करण्याच्या कामी येतो आणि शेवटी त्याचे पाणी होते. मात्र काही रेणूंना वाटेतच एक जादा इलेक्ट्रॉन चिकटतो. तयार होतो सुपरऑक्साइड, एक अस्थिर मूलक. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. जवळपास सुटे लोह असेल तर पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते, आणि ते इतके आक्रमक असते की शेजारी जे सापडेल त्याच्यावर, मग ते पेशीचे आवरण असो, प्रथिन असो वा डीएनए, घाला घालते. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या या अभिक्रियेचे पहिले वर्णन हेन्री फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच केले होते.

शरीर याला तोंड देत जगते. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड निष्प्रभ करणारे विकर शोधले. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे त्याचे नाव. त्याच्या जोडीला कॅटलेज आहे. आणि सर्वांत मोठा आधार आहे ग्लुटाथायोनचा. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांपासून प्रत्येक पेशी ते स्वतः तयार करते. हल्ला आणि बचाव यांचा तोल बिघडून पारडे हल्ल्याकडे झुकते, त्या अवस्थेला जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीझ यांनी १९८५ मध्ये ऑक्सिडेटिव्ह ताण असे नाव दिले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे झाला. ही मूलके शरीराची केवळ शत्रू नाहीत, ती त्याची हत्यारेही आहेत. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात तेव्हा एनएडीपीएच ऑक्सिडेज या विकराच्या मदतीने मुद्दाम सुपरऑक्साइडचा झोत सोडतात. त्यापासून पुढे हायपोक्लोरस आम्ल तयार होते. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर जे द्रव्य पाण्यातले जंतू मारते, नेमके तेच. ज्या बालकांमध्ये जन्मतः हे विकर नीट काम करत नाही, त्यांना वारंवार जिवावर बेतणारे संसर्ग होतात. मूलके पुरती नाहीशी करणे म्हणजे शरीराला निःशस्त्र करणे होय.

फुप्फुसात काय घडले

कोरोनाचा विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ या प्रथिनाचा आधार घेतो. या प्रथिनाचे शरीरातले नेहमीचे काम वेगळे आहे: अँजिओटेन्सिन-२ हे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे संप्रेरक मोडून टाकणे. विषाणूने एसीई-२ अडवले की अँजिओटेन्सिन-२ साचू लागते, आणि ते सुपरऑक्साइड तयार करणाऱ्या त्याच ऑक्सिडेज विकराला चेतवते, अशी मांडणी २०२० मध्येच झाली. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखल रुग्णांच्या रक्तात या विकराच्या सक्रियतेची खूण मोजली. निरोगी लोकांपेक्षा ती रुग्णांत जास्त होती, गंभीर रुग्णांत आणखी जास्त, आणि रक्तात गुठळ्या झालेल्यांत ठळकपणे वाढलेली होती.

गुठळ्यांचा हा धागा मिशिगन विद्यापीठातल्या कामाशी जुळतो. न्यूट्रोफिल पेशी कधीकधी मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जंतूला त्यात अडकवतात. ही जाळी पहिल्यांदा वर्णिली गेली २००४ मध्ये. २०२० च्या एप्रिलमध्ये मिशिगनच्या संशोधकांनी दाखल कोरोना रुग्णांच्या रक्तात या जाळ्यांचे अवशेष वाढलेले दाखवले. ही जाळी फेकण्यासाठी अनेकदा ऑक्सिजनची तीच मूलके लागतात, आणि फेकल्यावर रक्त गोठण्याची क्रिया तीच जाळी सुरू करून देतात. रक्तवाहिनीचे आतले अस्तर आधीच दुखावलेले असते. मग फुप्फुसातल्या केसांहून बारीक वाहिन्यांमध्ये गुठळ्या बसतात, हवेच्या पिशव्यांभोवतीचे रक्त अडते आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा उतरू लागतो.

या साखळीत उपचारही येतात. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दीर्घकाळ दिला तर तोही मूलके वाढवतो. म्हणूनच भारतातल्या मार्गदर्शक सूचनांनी बहुतेक रुग्णांसाठी रक्तातल्या ऑक्सिजनचे सॅच्युरेशन ९२ ते ९६ टक्क्यांच्या दरम्यान राखायला सांगितले होते. शंभराचा आकडा दिसावा म्हणून नळी पूर्ण उघडणे योग्य नव्हते. त्या दिवसांतल्या ऑक्सिजनच्या टंचाईतही ही सूचना मोलाची होती, आणि टंचाई नसती तरी ती तितकीच खरी ठरली असती.

रक्ताच्या नळ्या, रक्ताच्या साक्षी

रक्त घ्यायला आलेला तंत्रज्ञ पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन रंगीत टोपणांच्या नळ्या भरत असे. जांभळ्या टोपणाच्या नळीत पेशींची मोजणी, निळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठण्याच्या चाचण्या, लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत बाकीची द्रव्ये. प्रत्येक नळीतून वेगळी साक्ष निघते.

सीआरपी या प्रथिनाचा शोध न्यूमोनियाच्याच रुग्णांमध्ये लागला. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तजलात असे काही आढळले की जे न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला चिकटून साका धरत होते. सीआरपी यकृतात तयार होते. दाहाची वर्दी देणाऱ्या इंटरल्युकिन-६ चा निरोप पोचला की सुमारे ६ तासांत ते वाढू लागते, दोन दिवसांत शिगेला पोचते, आणि कारण संपले की त्याचे रक्तातले प्रमाण साधारण १९ तासांत निम्मे होते. त्यामुळे ते आजाराचा आजचा कल सांगते. कल कशामुळे, हे मात्र सांगत नाही. टायफॉइड असो, पिकलेले गळू असो वा शस्त्रक्रिया, सीआरपी वाढतेच.

डी-डायमर ही गुठळी झाली आणि ती विरघळू लागली याची खूण. फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे प्लाझ्मिन हे विकर तोडते, तेव्हा जे तुकडे उरतात त्यांतला हा एक. पण वय वाढले की तो वाढतो, गरोदरपणात वाढतो, ऑपरेशननंतरही वाढतो. फेरिटिन हे लोहाचे कोठार आहे. त्याच्या एका रेणूत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. दाह झाला की शरीर लोह जंतूंच्या हाती लागू नये म्हणून कोठारात बंद करते आणि रक्तातले फेरिटिन वाढते. सुटे लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आले की काय होते ते वर आलेच आहे, म्हणून फेरिटिनचा आकडा ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या गोष्टीशी थेट जोडलेला आहे. एलडीएच हे विकर जवळजवळ प्रत्येक पेशीत असते आणि पेशी फुटली की रक्तात येते. याखेरीज पेशींच्या साध्या मोजणीतून न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर मिळते. तालुक्याच्या लॅबमध्येही होणारी ही स्वस्त चाचणी गंभीर आजाराची बऱ्यापैकी चांगली खूण ठरली.

आता या साक्षींच्या मर्यादा. रक्त काढताना सुई नीट बसली नाही, नळी जोरात हलवली गेली, तर तांबड्या पेशी नळीतच फुटतात आणि त्यांच्यातले एलडीएच बाहेर येते. अहवाल वाढलेला येतो आणि रुग्णाचे फुप्फुस मात्र होते तसेच असते. सीआरपी काही लॅब दर लिटरला मिलिग्रॅममध्ये देतात, काही दर डेसिलिटरला. पहिल्या पद्धतीतले ७५ म्हणजे दुसऱ्या पद्धतीतले ७.५. डी-डायमरचे तर दोन प्रकारचे एकक प्रचलित आहेत आणि एकातला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो; त्यातच कुठे नॅनोग्रॅम, कुठे मायक्रोग्रॅम. दोन दिवशी दोन लॅबमध्ये तपासणी करून ‘आकडा दुप्पट झाला’ म्हणून हवालदिल होण्यापूर्वी आकड्यापुढचे एकक वाचणे गरजेचे असते. घाईच्या त्या महिन्यांत ते किती जणांनी वाचले असेल?

वुहानच्या ज्या अभ्यासाने डी-डायमरला प्रसिद्धी दिली, त्यातही ही सावधगिरी छापलेली होती. डी-डायमर १ च्या वर असणाऱ्यांत मृत्यूची शक्यता, तिथल्या सांख्यिकी मापाप्रमाणे, सुमारे १८ पट दिसली खरी. पण त्या १८ ची विश्वासमर्यादा २.६ पासून १२८ पर्यंत पसरलेली होती. रुग्ण थोडे होते म्हणून उत्तर इतके सैल होते. बातम्यांत १८ आले, कंसातली मर्यादा गळून गेली.

ताण मोजायचा कसा?

ज्या ताणाची एवढी चर्चा झाली तो रुग्णालयाच्या अहवालात कधीच आला नाही. मूलके क्षणार्धात नष्ट होतात, त्यांना नळीत पकडता येत नाही. म्हणून त्यांनी केलेली नासधूस मोजावी लागते. पेशीच्या आवरणातली स्निग्ध आम्ले मोडली की मॅलोनडायअल्डिहाइड तयार होते. थायोबार्बिट्युरिक आम्लाशी त्याची गाठ घालून आलेल्या गुलाबी रंगावरून त्याचे प्रमाण काढतात. चाचणी स्वस्त आहे, पण तो रंग इतर द्रव्यांशीही येतो. आयसोप्रोस्टेन मोजणे अधिक विश्वासार्ह, पण त्याला महागडी यंत्रणा लागते. ग्लुटाथायोनचे तर रक्त काढल्यापासूनच ऑक्सिडीकरण सुरू होते. नमुना तातडीने हाताळला नाही तर रुग्णाच्या नव्हे, नळीतल्या ताणाचे मोजमाप होते.

तरीही काही संशोधकांनी हे कष्ट घेतले. मे २०२० मध्ये रशियातल्या कुर्स्क इथले अलेक्सी पोलोनिकोव्ह यांनी मोजक्या रुग्णांच्या निरीक्षणावरून असा कयास मांडला की गंभीर कोरोनाच्या मुळाशी ग्लुटाथायोनची कमतरता असावी. पुढे ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात राजगोपाल शेखर यांच्या गटाने रुग्णालयात दाखल झालेल्या ६० रुग्णांचे रक्त तपासले. ग्लुटाथायोन घटलेले होते आणि नासधुशीच्या खुणा वाढलेल्या होत्या. विशेष म्हणजे वयाची चाळिशी न ओलांडलेल्या रुग्णांतही हे चित्र होते. वार्धक्यात तोल ढळतो हे ठाऊक होते. तरण्याताठ्या माणसांतही आजाराने तो ढळवलेला दिसला.

बर्लिनच्या शारिटे विद्यापीठ रुग्णालयातल्या लुट्झ शोमबुर्ग यांच्या गटाने सेलेनियमकडे लक्ष दिले. पेरॉक्साइडचा बंदोबस्त करणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराला सेलेनियम लागते. त्यांच्या ३३ रुग्णांच्या अभ्यासात दगावलेल्यांचे सेलेनियम वाचलेल्यांपेक्षा कमी आढळले. चीनमध्येही मातीत सेलेनियम भरपूर असलेल्या हुपै प्रांतातल्या एनशी शहरात बरे होण्याचे प्रमाण आसपासच्या शहरांपेक्षा अधिक दिसल्याची नोंद झाली.

या सगळ्या अभ्यासांतून एक गोष्ट पक्की झाली: दाखल होण्याइतक्या आजारी रुग्णांत ऑक्सिडेटिव्ह ताण असतो, आणि आजार जितका गंभीर तितका तो जास्त. ताण आधी की आजार आधी, आणि ताण उतरवला तर माणूस वाचतो का, ही दोन उत्तरे मात्र त्यांतून मिळत नव्हती. सेलेनियमचे रक्तातले प्रमाण दाह झाला की आपोआपही उतरते. धूर दिसला म्हणजे आग आहे हे खरे. पण पंख्याने धूर हटवला म्हणून आग विझत नाही.

गोळ्यांची परीक्षा

आग विझते का, हे बघण्याचा मार्ग एकच: रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एका गटाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही आणि निकालाची वाट पाहायची.

आपल्याकडे तोवर व्हिटॅमिन सी आणि झिंकच्या गोळ्या औषधाच्या दुकानांतून संपल्या होत्या. सर्दीवर व्हिटॅमिन सी हा विश्वास लायनस पॉलिंग यांच्या १९७० मधल्या पुस्तकाने जगभर रुजवला होता, आणि दोन नोबेल मिळवलेल्या माणसाच्या शब्दाला वजन होतेच. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने घरीच उपचार घेणाऱ्या २१४ कोरोना रुग्णांत रोज ८,००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी, ५० मिलिग्रॅम झिंक, दोन्ही किंवा काहीच नाही, अशी तुलना केली. लक्षणे लवकर ओसरली नाहीत. फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. निकाल फेब्रुवारी २०२१ मध्ये छापून आला.

दाखल रुग्णांसाठी अधिक मोठी परीक्षा झाली. शिरेतून मोठ्या मात्रेत व्हिटॅमिन सी देण्याच्या दोन चाचण्यांचे २,५९० रुग्णांचे एकत्रित निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ना मृत्यू कमी झाले, ना यंत्रांच्या आधारावरचे दिवस घटले. त्याआधी २०२२ मध्ये जंतुदोषाने अत्यवस्थ झालेल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीत तर व्हिटॅमिन सी घेतलेल्यांपैकी ४४.५ टक्के जणांचा मृत्यू झाला किंवा अवयव निकामी राहिले. न घेतलेल्यांत हे प्रमाण ३८.५ टक्के होते. ग्लुटाथायोनसाठी कच्चा माल पुरवणारे एन-ॲसिटिलसिस्टीन ब्राझीलमध्ये १३५ गंभीर रुग्णांत मोठ्या मात्रेने देऊन पाहिले गेले. व्हेंटिलेटरची गरज त्याने कमी झाली नाही.

कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. न्यूट्रोफिल ज्या मूलकांनी जंतू मारतो आणि जी मूलके रक्तवाहिनीचे अस्तर जाळतात ती एकच आहेत. सरसकट सगळीकडे पोचणाऱ्या गोळीला त्यांतला फरक कळत नाही. शिवाय सुटे लोह जवळ असताना मोठ्या मात्रेतले व्हिटॅमिन सी स्वतःच मूलकांच्या निर्मितीला हातभार लावू शकते. आणि रुग्ण दाखल होईपर्यंत साखळी बरीच पुढे गेलेली असते. अपयश सिद्धान्ताच्या मुळाचे नाही. ताण खरा आहे. त्यावर घातलेला घाव मात्र आंधळा होता.

आकडा कामाला आला तेव्हा

याच काळात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ ही चाचणी चालू होती. जून २०२० मध्ये तिने डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडचा निकाल जाहीर केला. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात फायदा झाला नाही. स्टिरॉइड घेतलेल्यांत १७.८ टक्के आणि न घेतलेल्यांत १४ टक्के मृत्यू, म्हणजे कल उलट्या दिशेचा. कोणाला स्टिरॉइड द्यायचे हे ठरवले श्वासाने, रक्ताच्या अहवालाने नव्हे.

पुढच्या टप्प्यावर रक्ताचा आकडा खरोखर उपयोगी पडला. इंटरल्युकिन-६ चा निरोप अडवणारे टोसिलिझुमॅब कोणाला द्यायचे, यासाठी त्याच चाचणीने दोन अटी ठेवल्या: ऑक्सिजन कमी पडत असावा आणि सीआरपी दर लिटरला ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असावे. असे ४,११६ रुग्ण होते. औषध मिळालेल्यांत ३१ टक्के मृत्यू झाले, न मिळालेल्यांत ३५ टक्के. शंभरातली चार माणसे वाचली. इथे आकड्यावर एक निर्णय अवलंबून होता, म्हणून तो मोजण्याला अर्थ होता. तोच निकष पुढे भारतातल्या सूचनांतही आला.

रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनचा अनुभव याहून वेगळा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत पूर्ण मात्रेचा फायदा अतिदक्षता विभागाबाहेरच्या रुग्णांना झाला, आणि तो डी-डायमर कितीही असला तरी झाला. अत्यवस्थ रुग्णांना फायदा झाला नाही. ज्याच्यावर सर्वांची नजर होती, त्या आकड्याने हा निर्णय ठरवला नाही.

वुहानच्या तोंग्ची रुग्णालयातल्या ४८५ रुग्णांवरून संगणकाला शिकवलेला एक नियम मे २०२० मध्ये गाजला. एलडीएच, लिम्फोसाइट आणि सीआरपी या तीनच आकड्यांवरून मृत्यू १० दिवस आधी, ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने सांगता येतो, असा दावा होता. नेदरलँड्स, फ्रान्स आणि न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी तो आपल्या रुग्णांवर लावून पाहिला तेव्हा तो टिकला नाही. त्याउलट ब्रिटनमध्ये २६० रुग्णालयांतल्या ३५ हजारांहून अधिक रुग्णांवरून बांधलेली आणि आणखी २२ हजार रुग्णांवर पडताळलेली ‘फोर-सी’ गुणपद्धती टिकली. तिच्यात आठ गोष्टी आहेत: वय, लिंग, जोडीचे आजार, श्वासाची गती, ऑक्सिजनचे प्रमाण, शुद्ध, युरिया आणि सीआरपी. आठांपैकी रक्ताच्या नळीतून येणाऱ्या फक्त दोन. उरलेल्या सहा गोष्टी रुग्णाशेजारी उभे राहून, त्याच्याकडे पाहून आणि त्याच्याशी बोलून कळतात.

आपल्या वाट्याचा धडा

एम्स आणि आयसीएमआर यांच्या एप्रिल २०२१ च्या सूचना या दृष्टीने नेमक्या होत्या. धाप नाही आणि ऑक्सिजन नीट आहे, तो आजार सौम्य. मिनिटाला २४ किंवा अधिक श्वास किंवा सॅच्युरेशन ९० ते ९३, तो मध्यम. ३० पेक्षा अधिक श्वास किंवा ९० च्या खाली सॅच्युरेशन, तो गंभीर. सीआरपी आणि डी-डायमर ठरावीक तासांनी तपासायचे ते दाखल झालेल्या मध्यम आणि गंभीर रुग्णांत.

प्रत्यक्षात ताप आला की ‘पूर्ण पॅनेल’ करण्याचा प्रघात पडला. सीआरपी थोडे वाढले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, सॅच्युरेशन ९८ असताना, स्टिरॉइड सुरू झाले. एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ च्या सुरुवातीला जाहीरपणे सांगितले की सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि या रक्तचाचण्यांची गरज नाही. त्यांतून घबराट वाढते, आणि लवकर दिलेल्या स्टिरॉइडने विषाणूलाच बळ मिळते. तोवर देशात दिवसाला ४ लाखांच्या आसपास रुग्ण सापडत होते.

त्याच महिन्यात म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला. जुलैपर्यंत देशात त्याच्या ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत गुजरातबरोबर महाराष्ट्र होता. या बुरशीला लोह लागते. अनियंत्रित मधुमेहात रक्त आम्लधर्मी झाले की प्रथिनांनी धरून ठेवलेले लोह सुटते. स्टिरॉइडने साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. साखर, लोह आणि स्टिरॉइड या तिघांची गाठ पडली तिथे बुरशीने डोळे, जबडे आणि जीव घेतले. तिथे रोज बघायचा आकडा सगळ्यांत साधा आणि स्वस्त होता: रक्तातली साखर.

या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष मला स्पष्ट दिसतो. ऑक्सिडेटिव्ह ताण ही कोरोनाच्या गंभीर रूपामागची खरी घडामोड आहे आणि तिचा अभ्यास पुढे चालू राहायलाच हवा. रक्तातल्या खुणाही खऱ्या आहेत. पण खूण म्हणजे कारण नव्हे, आणि कारण सापडले म्हणजे औषध सापडले असेही नव्हे. या तीन पायऱ्यांमधले अंतर फक्त काटेकोर चाचणीने कापता येते. ब्रिटनने साथीच्या ऐन धामधुमीत साध्या सरकारी रुग्णालयांतून ते करून दाखवले. महाराष्ट्रात लाखो रुग्ण दाखल झाले, कोट्यवधी नळ्या रक्त तपासले गेले. ही माहिती लॅबच्या संगणकांत विखुरलेली पडू न देता वैद्यकीय महाविद्यालयांनी, महापालिकांनी आणि राज्य सरकारने एकत्र आणायला हवी. पुढच्या साथीसाठी चाचण्यांची यंत्रणा आजच उभी करायला हवी, कारण साथ आल्यावर ती उभी राहत नाही.

आणि वाचकांना एक विनंती. घरातले कोणी आजारी पडले आणि डॉक्टरांनी तपासण्यांची यादी दिली, तर आदराने पण न संकोचता एक प्रश्न विचारा: या आकड्यामुळे उपचार बदलणार आहेत का? बदलणार असतील तर तपासणी जरूर करा, एककासह नीट वाचा, शक्यतो एकाच लॅबमधून करा. बदलणार नसतील तर ते पैसे आणि ती काळजी वाचवा. रुग्णाचे श्वास घड्याळ लावून मिनिटभर मोजा, ऑक्सिमीटर बघा, मधुमेह असेल तर साखर तपासा आणि आजाराचा कितवा दिवस आहे हे लिहून ठेवा. डॉक्टरांना पहिल्या प्रथम हवी असते ती हीच माहिती, आणि ती घरच्या माणसांइतकी नेमकी दुसरे कोणी देऊ शकत नाही.